अण्णांच्या पायाला तेल (पक्षाघात, मालिश, स्पर्श: अनुभव हवेत)

घाटमाथा

नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्र असतो. पण महिनाभर एकाच गोष्टीभोवती घुटमळतोय, म्हणून धागा काढला.

माझे वडील, अण्णा, वय 78. एसटीत 33 वर्षं ड्रायव्हर, बहुतेक सगळी ड्यूटी घाटातली. दीड महिन्यापूर्वी पहाटे डाव्या अंगावरून वारं गेलं. मेंदूच्या उजव्या भागात गुठळी निघाली. नऊ दिवस दवाखाना झाला, आता घरी आहेत. बोलणं स्वच्छ आहे, टोमणेसुद्धा शाबूत आहेत. डावा हातपाय थोडा थोडा हलतो. पण डावी बाजू म्हणून काही असतं हेच त्यांच्या गावी नाही. जेवताना उजवीकडची भाजी चाटूनपुसून संपते आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर जशीच्या तशी राहते. ताट फिरवून दिलं की म्हणतात, "हे मगाशी का नाही वाढलं?" दाढीही उजव्या गालाचीच होते.

फिजिओ ताई दिवसाआड येतात. त्यांनी सांगितलं, संध्याकाळी डाव्या पायाला हलक्या हाताने तेल लावा आणि लावताना त्यांना पायाकडे बघायला लावा. साधं काम. पण वाटी घेऊन पलंगाशी बसलो आणि हात पुढे जाईना. मी 51 वर्षांचा घोडा. अण्णांच्या अंगाला शेवटचा हात कधी लावला तेच आठवेना. दिवाळी-दसऱ्याला वाकून नमस्कार, म्हणजे अंगठ्याला बोटं टेकवायची, दीड सेकंदाचा मामला. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हाही आम्ही दोघे दोन खांबांसारखे शेजारी उभे होतो.

लहानपणी अण्णा आम्हाला डावी पोटरी दाखवायचे. "हा क्लचचा पाय. हा थकला की गाडी थांबली." जुन्या गाड्यांचे क्लच म्हणजे उखळात मुसळ. उजवीपेक्षा डावी पोटरी चांगली जाड होती, दगडासारखी. आता हाताला लागली ती पाणी काढलेल्या पिशवीसारखी. विचारलं, "अण्णा, मी कुठल्या पायाला तेल लावतोय?" तर म्हणाले, "कुणाच्या?"

दहा मिनिटांनी श्वास संथ झाला, घोरायला लागले. तेव्हापासून सात वाजले की बोलत काही नाहीत, उजव्या हाताने पांघरूण तेवढं बाजूला करतात.

प्रश्न असे: तेल कोणतं, जोर किती, आणि याने खरंच काही होतं का, की माझंच समाधान?

निर्गुडी

घाटमाथा, मी फिजिओ आहे, नाशिकला. अण्णांना तुमच्या ताई बघतायत, मी नाही, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचाच. पण काही गोष्टी आज रात्रीपासूनच पाळा.

सगळ्यात आधी पोटरी. लुळ्या पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. पोटरी सुजलेली, गरम, लालसर दिसली तर मालिश बंद, त्याच दिवशी डॉक्टर. चोळून गुठळी सुटली आणि फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. धडधाकट माणूस "दुखतंय" म्हणतो. अण्णा म्हणणार नाहीत, त्यामुळे तुमच्या डोळ्यांनीच ते ओळखायचं. शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याखाली पुढच्या हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजा. सुजलेला पाय दुसऱ्यापेक्षा 3 सेंटिमीटरहून जाड झाला की आम्ही सावध होतो. तुमच्याकडे गंमत अशी की डावा पाय मुळातच जाड होता आणि आता वाळलाय. म्हणून आजचं माप वहीत लिहा आणि रोजचं त्याच्याशी ताडून बघा.

गरम पाण्याची पिशवी डाव्या अंगाला लावायची नाही. चटका बसला तरी कळणार नाही, सकाळी फोड दिसेल. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रगडारगडी नको, काळेनिळे डाग पडतात. उठवताना डावा हात ओढू नका, काखेत हात घालून उचलू नका, खांदा सांध्यातून निसटतो. आणि तेल लावून झाल्यावर तळवे कोरड्या पंचाने खसखसून पुसा. तेलकट पायाने न्हाणीघरात घसरून खुबा मोडलेली आजी मी बघितलीय.

तेल कोणतंही चालेल. तिळाचं, खोबरेल, जे घरात आहे ते. हात सरकायला तेल लागतं, बाकी फार मनावर घेऊ नका.

ताट-दाढीच्या प्रकाराला आम्ही निग्लेक्ट म्हणतो. डोळा चांगला असतो, लक्ष त्या बाजूला जात नाही. तुम्ही मुद्दाम त्यांच्या डावीकडे बसा, डावीकडून बोला, हात लावताना नाव घ्या: "हा गुडघा, हा घोटा." मालिशने मेंदूतली जखम भरत नाही, हे स्पष्ट सांगते. चालायला व्यायामानेच येईल. पण ज्या पायाचा विसर पडलाय त्याची रोज आठवण करून द्यायला तुमच्या हाताइतकं स्वस्त साधन नाही.

अर्धवटराव

निर्गुडी यांनी निम्मं काम केलं, उरलेलं मी करतो. मालिशने "विषद्रव्यं बाहेर पडतात" हे थोतांड आहे. विषद्रव्यं म्हणजे नेमकी कोणती, हे आजवर एकाही मालिशवाल्याने मला सांगितलेलं नाही. "साठलेलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं" हेही तसंच, व्यायामानंतर तासाभरात ते आपलं आपण जातं. कंबरदुखीवर मालिशचा कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने, 2015 मध्ये आढावा घेतला होता. 25 चाचण्या तपासल्या, निष्कर्ष असा की थोडा काळ बरं वाटतं आणि पुराव्याचा दर्जा कच्चा आहे. बरं वाटतं याला माझा आक्षेप नाही. बरं वाटणं आणि बरं होणं यांत एका अक्षराचा फरक आहे, आणि तेवढ्या फरकावर लोक पाच पाच हजारांची पॅकेजं विकतात.

चिंचगूळ

एका अक्षराचा कसा? "वाटणं" आणि "होणं". मोजून सांगा. :)

अर्धवटराव

एका शब्दाचा. घ्या.

कण्हेर

मला पहिल्या बाळंतपणातल्या मावशी आठवल्या. सकाळी नऊला यायच्या. आधी माझं अंग, मग बाळ. पाटावर बसून पाय लांब करायच्या, साडी मांडीपर्यंत सरकवून बाळाला नडगीवर पालथं घ्यायच्या. तेल, मग डाळीचं पीठ नि साय, मग कढत पाणी पाठीवर तांब्याने. टाळूवर चार थेंब. शेवटी ओवा-बाळंतशेपाची धुरी. बाळ आधी घर डोक्यावर घ्यायचं आणि नंतर चार तास ठार झोपायचं. बाळंतिणीला कुणी विचारत नाही हो, सगळे बाळ बघायला येतात. त्या चाळीस दिवसांत माझ्या अंगाची चौकशी करणारे तेवढे दोनच हात होते. पाठीवर हात ठेवला की म्हणायच्या, "रात्री रडलीस." कसं कळायचं देव जाणे.

लालमाती

कसं कळायचं ते आमच्या कोल्हापूरकडे या, दाखवतो. आजोबा तालमीतले. हौद्यातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मळायची, ही अर्धी मेहनत. मेहनत झाली की पोरं एकमेकांची अंगं रगडणार, खांद्यावर उभी राहून पाठ तुडवणार. वस्ताद मधून फिरत कुणाच्याही गुडघ्याला हात लावायचे. कुस्ती आठवड्यावर आली की पोरगं दुखापत लपवतं. तोंडाने लपवता येते, पण हात लागल्यावर स्नायू आखडतोच. आजोबा सांगायचे, तसा हात लावून वस्तादांनी त्यांना एकदा खासबागेतल्या कुस्तीतून मागे घेतलं होतं. आजोबा त्यानंतर वर्षभर त्यांच्याशी धड बोलले नाहीत.

उंबरठा

कण्हेर, तुम्ही लिहिलंत त्या मावशी म्हणजे माझी आजी. म्हणजे तीच नव्हे, पण तीच.

जातीने आम्ही मांग. आजी सुईणपण करायची आणि सव्वा महिना मालिशीला जायची. बाळ जन्मल्यावर पहिला हात तिचा. तिच्या उघड्या पायांवर घरचा वंश पालथा घालायचे. आंघोळ झाली की बाळ आत जायचं आणि आजी मागच्या दारी. चहा कानतुटक्या कपात. तो तिनेच विसळायचा आणि गोठ्याच्या वळचणीला पालथा घालायचा. माठाला हात लावायची सोय नव्हती. बारशाला साडीचोळी मिळायची, तीही वरून टाकलेली. मी लहान असताना तिला विचारलं होतं, तुझा विटाळ बाळाला होत नाही का गं? ती हसली. "पोराला कुठं ठावं असतं."

स्पर्शाचं मोल वगैरे चर्चा चालू आहे, चांगलं आहे. या राज्यात स्पर्श हा शब्द आधी कशाला जोडून यायचा, तेवढं ध्यानात असू द्या.

कण्हेर

उंबरठा, आमच्याकडेही कप वेगळा होता. मगाशी लिहिताना मी तो गाळला.

पाळणाघर

मी नवजात अतिदक्षता विभागात नर्स आहे. पुराव्यावरून वाद चाललाय म्हणून आमच्याकडचं सांगते.

कांगारू मदर केअर सगळ्यांनी ऐकलं असेल, म्हणजे कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीशी ठेवणं. 1978 मध्ये कोलंबियात, बोगोटाच्या सरकारी प्रसूतिगृहात डॉ. एडगर रे यांनी हे सुरू केलं, कारण काचपेट्या कमी आणि बाळं जास्त. गरिबाचा जुगाड म्हणून बरीच वर्षं हेटाळणी झाली. पूर्वी आम्हीही बाळ आधी पेटीत स्थिर करायचो, मगच आईकडे द्यायचो. मग जागतिक आरोग्य संघटनेने मोठी चाचणी घेतली. भारतासह पाच देशांत, आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात. 1 ते 1.8 किलोच्या बाळांचे दोन गट: एकातली जन्मल्यापासूनच आईच्या उघड्या छातीवर ठेवली, दुसऱ्यातली जुन्या पद्धतीने आधी स्थिर करून मग. अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू 100 मागे 15.7 वरून 12 वर आले. चाचणी ठरल्याआधीच थांबवावी लागली, कारण दुसऱ्या गटातल्या बाळांना हे न देणं योग्य राहिलं नव्हतं. निकाल 2021 मध्ये छापून आला. पुढच्या वर्षी शिफारस आली: दिवसाला 8 ते 24 तास, जमेल तितकं, आणि जन्मल्याबरोबर. अर्थात यात ऊब, अंगावरचं दूध, आई जवळ असल्याने कमी होणारा जंतुसंसर्ग हे सगळंच मोजलं जातं. नुसता स्पर्श वेगळा काढून दाखवता येत नाही, अर्धवटराव, हे मीच आधी सांगून टाकते.

बापालाही देतो आम्ही. आईचं सिझेरियन झालेलं असलं की तोच हाताशी असतो. परवा एक गवंडी होता. शर्टाची बटणं काढायला सांगितली तर इकडेतिकडे बघायला लागला. बाळाला टोपी, मोजे, लंगोट, बाकी उघडं. छातीच्या मधोमध बेडकासारखं उभं ठेवायचं, मान एका बाजूला, वरून ओढणीने बांधायचं. त्याचे हात सिमेंटने फुटलेले, म्हणून तो बोटं वर धरून बसला होता, बाळाला टोचतील म्हणे. मी त्याचा तळवा धरून बाळाच्या पाठीवर ठेवला. सगळी पाठ त्या एका तळव्याखाली झाकली गेली. मॉनिटरवर ठोके 170 वरून 150 वर आले, ते मी त्याला दाखवलं. दुसऱ्या दिवशी ड्यूटी सोडून सकाळीच हजर, हाताला खोबरेल चोपडून.

दुर्बीण

अण्णांच्या घोरण्याचं कारण मला ठाऊक आहे, निदान अर्धं. कातडीत स्पर्श ओळखणाऱ्या दोन यंत्रणा आहेत. एक जलद: काय लागलं, कुठे लागलं, खडबडीत की गुळगुळीत. दुसरी धिम्या तंतूंची, सी-टॅक्टाइल म्हणतात त्यांना, मुख्यतः केस असलेल्या त्वचेत. हे तंतू जोरात दाबून फारसे पेटत नाहीत. सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर वेगाने हात फिरवला की बोलतात, 3 च्या आसपास सर्वांत जास्त, आणि हात अंगाइतकाच कोमट असला तर आणखी. त्यांचा निरोप मेंदूच्या "कुठे" सांगणाऱ्या भागापेक्षा "कसं वाटतंय" सांगणाऱ्या भागाकडे जास्त जातो, असं मानतात. कुणी न सांगताही बहुतेक आया साधारण याच वेगाने मुलाच्या पाठीवरून हात फिरवतात.

आणि लागल्यावर आपण चोळतो ना, त्याचाही खुलासा आहे. चोळण्याची संवेदना मज्जारज्जूतच वेदनेची वाट अडवते, 1965 मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलेला गेट कंट्रोलचा विचार. त्यांच्या मूळ आराखड्यात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण "बाऊ झाला, चोळ" हे टिकलं.

घाटमाथा, हिशोब करा: गुडघ्यापासून घोट्यापर्यंत 36 सेंटिमीटर धरले तर एका फेरीला बारा सेकंद. तुम्ही नक्की घाई करत असणार.

फुलपाखरू

एक वेगळी बाजू. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, नऊ वर्षांचा. हलका हात त्याला सुई टोचल्यासारखा लागतो. पाहुणे गालाला हात लावतात आणि तो किंचाळतो, मग आमच्या संस्कारांवर चर्चा होते. त्याला गच्च दाब आवडतो, सतरंजीत गुंडाळून वरून उशी दाबली की शांत होतो. तेव्हा ते 3 सेंटिमीटर सगळ्यांना लावू नका. विचारा आधी. तो मानेने सांगतो.

टेकाड

विचारण्यावरून आठवलं. मागच्या वर्षी केस कापायला गेलो होतो, शेवटी चंपी. सुख. डोळे मिटले होते, तेवढ्यात त्याने हनुवटी धरून मान कडकन मोडली. विचारलं नाही, सांगितलं नाही. दोन दिवस मान धरली, तिसऱ्या दिवशी चक्कर आणि एक डोळा जड. मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीचं अस्तर फाटलं होतं. तीन महिने गोळ्या खाल्ल्या, नशिबाने निभावलं. चंपी अजून करतो, पण खुर्चीत बसल्या बसल्या बजावतो: मानेला हात लावायचा नाही.

निर्गुडी

टेकाड +1. मान मोडून घेऊ नका. कुणाकडूनच.

चिंचगूळ

अवांतर: शांपू हा शब्द आपल्या चंपीचा भाऊबंद. मूळ "चाँपना", म्हणजे दाबणं. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी 1814 च्या सुमारास इंग्लंडात ब्रायटनला वाफेचं न्हाणीघर काढून मालिश सुरू केली, ती इतकी चालली की राजेही गिऱ्हाईक झाले. पुढे साहेबाने दाबणं विसरून फेस तेवढा ठेवला.

सुमोकाका

योकोहामाहून. इथे मालिश करायची तर तीन वर्षांचा कोर्स आणि राष्ट्रीय परीक्षा. अंध लोकांचा हा परंपरेने चालत आलेला व्यवसाय आहे. आमच्या स्टेशनाजवळचे गृहस्थ अंध आहेत, मी दारातून आत येतो तेव्हा पायांच्या आवाजावरूनच कंबर कुठल्या बाजूने धरलीय ते सांगतात. आणि मुलं आईबापाला वाढदिवसाला घरी केलेलं कुपन देतात: "खांदे चोपून मिळतील, एक वेळ". लेकीने दिलेली माझी तीन कुपनं अजून शिल्लक आहेत. ती आता कॉलेजात आहे, वापरायची कशी हा प्रश्न आहे.

टाळकरी

माउलींच्या पालखीबरोबर दिवेघाट चढून सासवडला टेकलो की पोरंपोरी तेलाच्या बाटल्या घेऊन बसलेली असतात, कॉलेजची. चिखलाचे, फोडांचे पाय मांडीवर घेतात. पहिल्या वर्षी मी पाय मागे ओढला होता. शेजारची म्हातारी म्हणाली, "दे की रं, तिला पुण्य मिळू दे."

आणि पंढरपुरात बघा. मुखदर्शनाची रांग लवकर सरकते, पदस्पर्शाची रांग तासन् तास. तरी लोक मोठ्या रांगेत उभे राहतात. दिसण्याने भागत नाही माणसाचं.

अर्धवटराव

रांगेच्या लांबीवरून परिणामकारकता ठरत नसते, टाळकरी. बाकी राम कृष्ण हरी.

घाटमाथा, पोटरीचं माप घेतलंत का?

घाटमाथा

सगळ्यांचे आभार, उशीर झाला. तीन आठवड्यांनी लिहितोय.

माप घेतो रोज. डावी 31, उजवी 33, फरक तेवढाच आहे. फिजिओ ताईंना वही दाखवली, त्या म्हणाल्या हे कुणी शिकवलं. दुर्बीण, खरं आहे, मी घाई करत होतो. आता गुडघ्यापासून घोट्यापर्यंत मनात थांबे म्हणतो: सुरूर, वाई, पसरणी, पाचगणी. पाचगणी आली की घोटा. एकदा चुकून मोठ्याने म्हटलं तर अण्णा डोळे मिटूनच म्हणाले, "पसरणीनंतर दांडेघर राहिलं." तेव्हापासून ते थांबे सांगतात आणि मी हात फिरवतो. पहिल्यांदा मी त्यांच्या गाडीवर कंडक्टर झालोय.

चटणी अजून ताटात राहते. दाढी निम्म्याच्या थोडी पुढे सरकलीय, हनुवटीपर्यंत. पट्टीच्या आधाराने चार पावलं टाकतात, ते व्यायामाचं श्रेय. अर्धवटराव म्हणतील पहिल्या तीन महिन्यांत असं आपोआपही सुधारतं. ताईही तेच म्हणाल्या.

उंबरठा, तुमचा प्रतिसाद मी अण्णांना वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आपल्या घरी कप खिडकीत असायचा.

काल बहीण यायची होती, म्हणून गडबडीत उजव्या पायालाच तेल लावलं, थांबे न म्हणता, आणि फोन वाजला म्हणून वाटी ठेवून उठलो. दाराशी पोचलो तर मागून आवाज आला.

"क्लचचा राहिला."